कॉलेज बदलायचंय, ‘कारण’ या रकान्यात काय लिहू?

पहिल्या वर्षाचे निकाल लागू लागले की ठाणे-नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ‘कुठं प्रवेश घेऊ’ हे मागं पडतं आणि ‘घेतलेल्या प्रवेशातून बाहेर कसा पडू’ हे पुढं येतं. या वेळची उत्तरं कॉलेजांच्या प्रवेश आणि पात्रता विभागात रोज बसणाऱ्या सल्लागारांनी दिली आहेत.

प्रश्न: मी ऐरोलीत राहतो. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पूर्ण केलं, मेजर (मुख्य विषय) गणित. पुढं संख्याशास्त्रात जायचंय आणि ते पुण्यात चांगलं होईल असं वाटतं. बदलीच्या अर्जात मी दीड पान कारणं लिहिली: तास होत नाहीत, लायब्ररीत पुस्तकं नाहीत, वातावरण नाही. ऑफिसमधल्या क्लार्कनं वाचून ‘असं नाही चालत’ म्हणत परत दिलं. मग काय लिहायचं? — एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर: दीड पानातलं एकही वाक्य खोटं नसेल. पण तो अर्ज वाचणार कोण? आधी तुमच्याच कॉलेजचे प्राचार्य, ना हरकत दाखल्यासाठी. मग नव्या कॉलेजचे प्राचार्य, शेवटी तिथला पात्रता विभाग. पहिल्याविरुद्धची तक्रार त्याच्याच सहीसाठी ठेवली तर क्लार्क ती आत नेणार नाही. शेवटी बोलणी त्यालाच बसतात. दुसऱ्याला वाटतं, उद्या हा आपल्याबद्दलही असंच लिहील. तिसऱ्याला त्यातलं काहीच लागत नाही. तो विषय, क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक), निकाल आणि जोडलेले कागद बघतो, बस.

म्हणून कारण असं हवं की जे इथं नाही, तिथं आहे, आणि जे कागदानं दाखवता येतं. तुमच्या बाबतीत ते एवढंच आहे:

‘माझा मेजर विषय गणित असून सध्याच्या महाविद्यालयात त्यासोबत संख्याशास्त्र हा मायनर विषय उपलब्ध नाही. आपल्या महाविद्यालयात तो उपलब्ध आहे. प्रथम वर्षाची ४४ क्रेडिट मी एकही विषय मागे न ठेवता पूर्ण केली आहेत. दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका व अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे. द्वितीय वर्षाच्या रिक्त जागेवर माझ्या प्रवेशाचा विचार व्हावा, ही विनंती.’

पाच वाक्यं. वर ‘प्रति, मा. प्राचार्य’, ‘विषय’ आणि ‘संदर्भ’, खाली जोडपत्रांची यादी आणि सही. एक पान पुरतं. ‘उपलब्ध नाही’ हे फक्त म्हणू नका; तुमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतलं विषयांचं पान जोडा.

आता अर्जाआधीचा हिशोब, कारण खरी ठेच इथं लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात एका सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १३२. पहिल्या वर्षाच्या ४४ पैकी मेजरला साधारण १२ मिळतात, मायनरला (दुय्यम विषयाला) जेमतेम २. उरलेली ओपन इलेक्टिव्ह (मेजरबाहेरचा ऐच्छिक विषय), कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, खेळ किंवा एनएसएस यांत वाटलेली असतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाला तिकडं जाऊन थेट ‘मेजर संख्याशास्त्र’ मागितलं, तर त्या विषयाची पहिल्या वर्षाची क्रेडिट तुमच्याकडं जवळजवळ नाहीतच. नवं कॉलेज मग दोनपैकी एक सांगतं: राहिलेले पेपर आधी द्या, नाहीतर पहिल्या वर्षाला बसा. मेजर गणितच ठेवून संख्याशास्त्र मायनर घेतलं तर क्रेडिट बरीचशी जुळतात आणि एम.एस्सी.ला संख्याशास्त्राकडं वळण्याची वाट उघडी राहते. आमचं मत विचाराल तर हाच रस्ता धरा. मात्र एम.एस्सी. कुठं करायची ते ठरलेलं असेल तर तिथली पात्रतेची अट आत्ताच वाचून ठेवा.

दुसऱ्या वर्षाला जायची वेळ हीच, हेही लक्षात असू द्या. क्रेडिट बँकेच्या (मिळालेली क्रेडिट जमा राहतात त्या ऑनलाइन खात्याच्या) २०२१च्या यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मी क्रेडिट मिळवलेली असावी लागतात. १३२ ची निम्मी ६६. पहिलं वर्ष संपवून गेलात तर ८८ उरतात, चिंता नाही. दोन वर्षं संपवून तिसऱ्याला जाऊ म्हटलं तर उरतात ४४, तिथंच गाडी अडते. ‘एस.वाय. इथंच काढतो, मग बघू’ म्हणणारे बहुतेक या आकड्यावर अडकतात.

अभ्यासक्रमाच्या प्रतीबद्दल एक. फक्त विषयांची नावं असलेलं पान पुरत नाही. प्रत्येक पेपरातली युनिट, तास, क्रेडिट आणि पेपर कोड दिसतील अशी प्रत हवी, प्रत्येक पानावर कॉलेजचा शिक्का. समकक्षता ठरवणारे प्राध्यापक दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून युनिटावर बोट ठेवत जातात. नाव सारखं पण युनिट वेगळी असली तर क्रेडिट कापली जातात. नाव वेगळं पण युनिट तीच असली तर धरलीही जातात.

प्रश्न: आमचं लालबागचं घर पुनर्विकासात गेलं आणि आम्ही कळव्याला राहायला आलो. मुलगी चर्चगेटच्या एका जुन्या कॉलेजात बी.कॉम. पहिल्या वर्षाला आहे. कळव्याहून दादर, तिथं गाडी बदलून चर्चगेट, आणि सकाळी सातचा तास. दुसऱ्या वर्षापासून ठाण्यातल्या कॉलेजात घालायचं आहे. विद्यापीठ एकच असल्यामुळं नुसता दाखला पुरेल ना? — एक पालक, कळवा

उत्तर: विद्यापीठ एकच आहे हे आधी तपासा. चर्चगेट परिसरातली काही नावाजलेली कॉलेजं आता मुंबई विद्यापीठात नाहीत. सिडनहॅम आणि एल्फिन्स्टन २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत, एच. आर. आणि के. सी. २०२० पासून एचएसएनसी विद्यापीठात. एसएनडीटी तर पहिल्यापासूनच स्वतंत्र. गुणपत्रिकेच्या माथ्यावर कुणाचं नाव छापलंय ते पाहा.

दुसरं विद्यापीठ निघालं तर मायग्रेशन सर्टिफिकेट (एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाण्याचा दाखला) लागेल आणि नव्या विद्यापीठाकडून पात्रता मंजूर करून घ्यावी लागेल. मुंबई विद्यापीठच असेल तर मायग्रेशन लागत नाही; आधीच्या कॉलेजचा ट्रान्सफरन्स दाखला आणि दोन्ही प्राचार्यांची संमती यावर काम होतं. ठाणे, नवी मुंबई, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सगळं त्याच विद्यापीठाचं क्षेत्र आहे. एक पोटकलम मात्र आहे: कॉलेज स्वायत्त असेल तर पदवी विद्यापीठाची असली तरी अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या. तेव्हा ‘एकाच विद्यापीठातला’ बदल असूनही समकक्षता काढावी लागते.

कारणाबद्दल. ‘प्रवास लांबचा’ एवढंच लिहिलं तर समोरचा विचारणार, प्रवेश घेताना माहीत नव्हतं का? तुमच्याकडं याचं उत्तर आहे, तेच लिहा: घर बदललं. पुनर्विकासाच्या करारातलं पत्त्याचं पान किंवा कळव्याचा नोंदणीकृत भाडेकरार जोडा. वडिलांची बदली झाली असती तर बदलीचा आदेश आणि रुजू झाल्याचं पत्र, तब्येतीचं कारण असतं तर शक्यतो सिव्हिल रुग्णालयाचं प्रमाणपत्र. प्रवेशानंतर परिस्थिती बदलली आणि तिचा तारखेसह कागद आहे, एवढं दिसलं की ऑफिसात दुसरा प्रश्न येत नाही.

मुलीनं घेतलेलं ओपन इलेक्टिव्ह नव्या कॉलेजात असेलच असं नाही. सहसा ते अडत नाही. मेजर आणि मायनर जुळले की झालं.

प्रश्न: नवं कॉलेज म्हणतं ‘आधी मायग्रेशन आणा’, जुनं म्हणतं ‘आधी प्रवेश रद्द करा, मग दाखला’. मधल्या मध्ये वर्ष जाईल अशी भीती वाटते. नेमका क्रम काय? — बी.ए., खारघर

उत्तर: भीती रास्त आहे. वर्ष वाया जातं ते बहुतेक वेळा कागद उलट क्रमानं काढल्यामुळंच.

आधी नव्या कॉलेजकडून लेखी घ्या की दुसऱ्या वर्षाला रिक्त जागा आहे आणि तात्पुरता प्रवेश देता येईल. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, फोनवरचं ‘हो हो, या’ उपयोगाचं नाही. ते हातात आल्यावर जुन्या कॉलेजात ना हरकत दाखला मागा. त्यासाठी लायब्ररी, प्रयोगशाळा, जिमखाना यांची ‘नो ड्यूज’ सही लागते. ग्रंथालयाचं हरवलेलं एक पुस्तक आठवडाभर अडवून ठेवतं, म्हणून ही सही सगळ्यात आधी. मग एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) किंवा ट्रान्सफरन्स दाखला, आणि त्याच्या आधारे विद्यापीठाकडं मायग्रेशनचा अर्ज. मायग्रेशन यायला वेळ लागतो. तोवर नवं कॉलेज हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश देतं. हमीपत्रात ‘अमुक तारखेपर्यंत सादर करीन’ अशी तारीख असते, ती आजच्या आज कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एलसी मूळ एकदाच मिळते. जमा करण्यापूर्वी तिच्या दोन रंगीत झेरॉक्स काढा. हरवली तर दुसऱ्या प्रतीसाठी प्रतिज्ञापत्राच्या फेऱ्या आहेत. आणि मायग्रेशन काढलं म्हणजे जुन्या विद्यापीठातून नाव निघालं. बेत फिसकटला तर ते परत करून नव्यानं नोंदणी करावी लागते. म्हणून जागेचं लेखी पत्र हाती नसताना मायग्रेशन काढू नका.

जुन्या कॉलेजनं दुसऱ्या वर्षाची फी आधीच घेतली असेल तर प्रवेश रद्द करण्याचा अर्ज ज्या दिवशी दिला त्या तारखेचा पोचशिक्का घ्या. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेत परताव्याचे टप्पे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेवर बांधले आहेत: त्या तारखेच्या १५ दिवस आधी किंवा त्याहून आधी अर्ज दिला तर पूर्ण फी, फक्त प्रक्रियाशुल्क वजा, त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांच्या आत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, नंतर काही नाही. अनामत रक्कम वेगळी, ती परत मिळतेच. त्याच अधिसूचनेनुसार मूळ गुणपत्रिका अडवून ठेवण्याचा कॉलेजला हक्क नाही.

निकाल लांबला तर? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणं निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. प्रत्यक्षात उशीर झाला तर नव्या कॉलेजला पत्र देऊन ‘निकालाच्या अधीन’ तात्पुरता प्रवेश मागता येतो. एटीकेटी असेल तर हे सगळं थांबतं असं समजा. स्वतःच्या कॉलेजात एटीकेटीवर पुढच्या वर्षात जाता येतं. दुसऱ्याच्या दारात मात्र राहिलेला विषय घेऊन गेल्यावर ‘आधी तो सोडवून या’ म्हणतात. कारण साधं आहे: तो पेपर जुन्या विद्यापीठाचा, नवं विद्यापीठ त्याची परीक्षा घेणार कुठून?

आता डिजीलॉकर. अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळखक्रमांक) १२ अंकी असतो आणि विद्यापीठ बदललं तरी तोच राहतो. पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) मात्र नव्या विद्यापीठात नवा मिळतो. क्रेडिट बँकेत तुमची दोन्ही सत्रं दिसतात का ते घरबसल्या पाहा. दिसत नसतील तर बहुतेकदा नावाचा घोळ असतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं, मग वडिलांचं, कधी आईचंही. आधारवर तुमचं नाव आधी आणि आडनाव शेवटी, किंवा वडिलांच्या जागी नुसतं आद्याक्षर. प्रणालीला ही दोन माणसं वाटतात. आधार सुधारायला लागणारे दिवस धरून हे काम मेमध्येच उरका. जुलैच्या गर्दीत याला हात घालू नका. नाव जुळत असूनही क्रेडिट नसतील तर निकाल जाहीर करणाऱ्या संस्थेनं ती चढवलेली नाहीत; कॉलेजच्या परीक्षा विभागात पीआरएन आणि अपार क्रमांक लिहून अर्ज द्या. एकदा जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात.

प्रश्न: वर्गातल्या काही मुलांकडून आणि एका शिक्षकांकडून सतत त्रास होतो. म्हणून कॉलेज सोडायचं आहे. अर्जात खरं कारण लिहू का? — एक विद्यार्थिनी, घणसोली

उत्तर: खरं कारण लिहा, पण तक्रारीच्या अर्जात. बदलीच्या अर्जात नको. दोन कागद दोन टेबलांवर गेले पाहिजेत. एकात मिसळले तर बदलीही अडते आणि तक्रारही ‘ती तर सोडूनच चालली’ म्हणून बाजूला पडते.

बदलीच्या अर्जात ‘वैयक्तिक व आरोग्यविषयक कारणास्तव’ पुरेसं आहे. डॉक्टरांचं किंवा समुपदेशकाचं पत्र असेल तर जोडा. कुणाचंही नाव घालू नका.

तक्रार मात्र सोडण्याआधी द्या. लैंगिक छळाचा भाग असेल तर अंतर्गत समितीकडं, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ हा यूजीसीचा क्रमांक आहे. बाकी तक्रारी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडं जातात; २०२३ च्या नियमांनुसार समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडं अपील करता येतं. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. आणि एक विचार करून बघा: तुम्हाला कॉलेज सोडायचंय की त्रास थांबवायचाय? तुकडी बदलून मिळत असेल तर कधीकधी तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर निघा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला टीएफडब्ल्यूएस (शिक्षणशुल्क माफीच्या) जागेवर पनवेलजवळ प्रवेश मिळाला. आता ठाण्यातलं कॉलेज हवंय. शिष्यवृत्तीचं काय होईल? — बी.ई., पनवेल

उत्तर: टीएफडब्ल्यूएसच्या जागेवर संस्था किंवा शाखा बदलता येत नाही. ही एआयसीटीईचीच (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचीच) अट आहे, कॉलेजनं वाकडं काढलेलं नाही. शिक्षणशुल्कात मिळणारी सूट त्या कॉलेजच्या त्या जागेला चिकटलेली असते. चार वर्षांच्या शिक्षणशुल्काचा हिशोब कागदावर मांडा, त्याच्याशेजारी ठाणे-पनवेल पासचे पैसे लिहा, आणि मग ठरवा.

इतर जागांवरच्यांसाठी: अभियांत्रिकीत रिक्त जागांवरची संस्थाबदल प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालयाच्या वेळापत्रकानुसार चालते. कॉलेजच्या आवारात ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी हे विसरू नये की पूर्वपरवानगीशिवाय संस्था किंवा अभ्यासक्रम बदलला तर ती रद्द होऊ शकते. परवानगीचा अर्ज समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात आधी द्या आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा चालू अर्ज कुठल्या कॉलेजच्या लॉगिनमध्ये आहे ते बघा.

प्रश्न: ठाण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, तिसरं सत्र चालू आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठात ट्रान्सफर म्हणून जायचंय. तिथं कारणांचा निबंध मागतात म्हणे. आणि माझी क्रेडिट धरतील का? — घोडबंदर रोड

उत्तर: मागतात, आणि तो इथल्या अर्जापेक्षा लांब असतो. कॉमन अ‍ॅपवरून (अनेक अमेरिकी विद्यापीठांसाठीच्या एकाच ऑनलाइन अर्जावरून) अर्ज केला तर साधारण ६५० शब्दांच्या आत. प्रश्नाचा गाभा तोच: का निघताय आणि इथं येऊन काय साधायचंय. भारतीय मुलांचे निबंध दोन ठिकाणी फसतात. एक, भारतातल्या शिक्षणपद्धतीवरच भाषण होतं. दोन, ‘संशोधनाच्या अफाट संधी’ अशी वाक्यं, जी कुठल्याही विद्यापीठाच्या नावानं चिकटवता येतात. त्या विभागातला एक कोर्स किंवा एक प्रयोगशाळा घ्या, तुम्ही तिसऱ्या सत्रात केलेल्या एखाद्या प्रोजेक्टशी तिचा धागा जोडा, आणि तो धागा तुमच्या सध्याच्या कॉलेजात पुढं का जात नाही ते दोन ओळींत सांगा. जुन्या कॉलेजबद्दल एवढंच पुरे.

क्रेडिटबद्दल अपेक्षा आवरती ठेवा. तिथं पदवीला साधारण १२० क्रेडिट, वर्षाला ३०. तुमची ४४ म्हणजे तिथली ४४ धरत नाहीत. वर्षाला वर्ष या मापानं ती साधारण ३० च्या घरात येतात, तीही विषयवार तपासून. त्यासाठी डब्ल्यूईएससारख्या, परदेशी गुणपत्रिका तपासणाऱ्या संस्थेचं कोर्सनिहाय मूल्यांकन अनेक ठिकाणी लागतं. भाषा, मूल्यशिक्षण, एनएसएस यांना ‘ऐच्छिक’ म्हणून धरतात किंवा सोडून देतात. बऱ्याच विद्यापीठांत बाहेरून आणलेल्या क्रेडिटना निम्म्याच्या आसपास मर्यादा असते. परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्यांना आर्थिक मदत फार थोड्या ठिकाणी मिळते, म्हणून आई-वडिलांशी खर्चाचं बोलणं निबंधाच्या आधी. आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) मिळाल्यावर सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर, व्हिसाची वेगळी.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘कॉलेज रिपोर्ट’ नावाच्या फॉर्मवर. विद्यार्थी चांगल्या स्थितीत आहे, शिस्तभंग नाही, असं सध्याच्या कॉलेजच्या अधिकाऱ्यानं भरून द्यायचं असतं. आपल्याकडं तो कुणी पाहिलेलाच नसतो, त्यामुळं टेबलावर पडून राहतो. त्याची छापील प्रत, सोबत मराठीत चार ओळींचं स्पष्टीकरण आणि कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून पाठवायचा पत्ता असं सगळं घेऊन उपप्राचार्यांना भेटा आणि भरून होईपर्यंत तिथंच बसा. ऑगस्टच्या प्रवेशाच्या मुदती अनेक ठिकाणी मार्चमध्ये संपतात. ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज त्यासाठी दिवाळीची सुट्टी संपताच टाकायला हवा.